बिनपगारी मास्तरांची पिढी

पेशवाईच्या उत्तरार्धात आणि कंपनी सरकारचा अंमल महाराष्ट्रात स्थिरावल्यानंतरही बराच काळ गावोगावी ज्या पंतोजींच्या शाळा चालत असत, त्यांच्याविषयी मागाहूनच्या सुशिक्षितांनी पुष्कळसे अनुदार लेखन केले आहे. पंतोजींची छडी, ओसरीवर पसरलेली धूळपाटी, दिवेलागणीला एका सुरात म्हटले जाणारे पाढे आणि परवचे, सणावाराला मुलांच्या घरून येणारा शिधा, एवढ्यावरच त्या शाळांचे वर्णन बहुधा आटोपते. परंतु हजेरीपट, इयत्ता आणि घंटा यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या त्या शाळांत एक प्रघात असा होता, की ज्याचे महत्त्व खुद्द पंतोजींनाही पुरते उमगले नसावे. ज्या मुलाला मुळाक्षरे येत, तो न येणाऱ्याचा हात धरून ती धुळीत गिरवून घेई. ज्याचे पाढे पाठ झाले असत, तो पुढे उभा राहून इतरांकडून ते म्हणवून घेई. आणि अशा रीतीने शिकणे व शिकवणे यांच्यामध्ये वयाची, पदवीची किंवा वेतनाची भिंत न उभारता एकच मुलगा सकाळी शिष्य आणि तिसऱ्या प्रहरी गुरू होत असे.

हा प्रघात केवळ महाराष्ट्राचा नव्हता. दक्षिणेत सर्वत्र तो थोड्याफार फरकाने आढळत असे. मद्रासेत लष्करातील अनाथ मुलांसाठी चालवलेल्या शाळेचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मलबारी मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणण्याचा निश्चय केला, आणि पगारी शिक्षक तिला राजी होईनात तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलाला खालच्या वर्गाचा शिक्षक नेमून आपला प्रयोग यशस्वी करून दाखवला. त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये विलायतेत प्रसिद्ध झाला, जोसेफ लँकेस्टर यांनी तशाच पद्धतीचा स्वतंत्र पुरस्कार केला, आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळा याच तत्त्वावर चालू लागल्या. पुढे मुंबईत १८२२ मध्ये एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी मंडळी स्थापन झाली आणि तिने नव्या धर्तीच्या शाळा काढल्या, तेव्हा हीच रीत विलायती शिक्क्यासह स्वदेशी परतली. वडीलधाऱ्या मुलाने धाकट्यास शिकवावे हा ज्या भूमीतला जुना शिरस्ता, तिथेच तो नवी सुधारणा म्हणून दाखल व्हावा, हा योगायोग विलक्षण खराच. पण या निबंधाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई-पुण्यात विशी-पंचविशीच्या तरुणांची जी एक पिढी उदयास आली, तिने हा शाळेच्या ओसरीवरचा प्रघात उचलून समाजाच्या अंगणात आणला, आणि आपण जे शिकलो ते ज्यांना शिकता आले नाही त्यांना तत्काळ, विनामूल्य आणि स्वतःच्या हातांनी देणे हे तारुण्याचे कर्तव्य ठरवले. आपल्या अर्वाचीन सार्वजनिक जीवनाचा पाया त्या कर्तव्यबुद्धीत आहे, सरकारी खलित्यांत किंवा शेटसावकारांच्या देणग्यांत तो तितकासा नाही, असे माझे मत आहे.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा शहरातील धनिक व प्रतिष्ठित मंडळींनी त्यांच्या स्मरणार्थ मोठा निधी जमवला आणि त्यातून इंग्रजी भाषा व पाश्चात्य शास्त्रे शिकवणारे अध्यापक विलायतेहून आणण्याचे ठरवले. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोन अध्यापक पुढील दशकाच्या मध्यास येऊन दाखल झाले, आणि १८४० मध्ये शाळा व महाविद्यालय यांचे एकत्रीकरण होऊन एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही संस्था आकारास आली. त्या काळी एतद्देशीय शिक्षण मंडळीच्या शाळांत फी घेत नसत, ही गोष्ट आज किरकोळ वाटेल. पण तिच्यामुळेच वयाच्या चौथ्या वर्षी पितृछत्र हरपलेला आणि निरक्षर मातेने कष्टाने वाढवलेला दादाभाई नवरोजी नावाचा एक पारशी मुलगा शिकू शकला. आपले शिक्षण रयतेच्या पैशाने झाले, तेव्हा आपल्याजवळ जे उत्तम असेल ते रयतेला परत केले पाहिजे, हा विचार आपल्या मनात विद्यार्थिदशेतच कसा रुजला, हे त्यांनी वृद्धापकाळी स्वतः लिहून ठेवले आहे. ऋणाची ही जाणीव त्यांना कोणा पुस्तकाने शिकवली नव्हती. शाळेत बसलेल्या मुलानेच आपल्या शिक्षणाचा जमाखर्च मांडला होता आणि त्यात देण्याच्या बाजूला त्याला लाखो अनोळखी माणसे दिसली होती.

या पिढीस एक वडील बंधू लाभला होता. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यांनी विशी जेमतेम गाठली होती. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ पत्र काढले, तेही सव्विसाव्या वर्षी. आणि दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या वेळी ग्रंथकाराचे वय बावीस होते. जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करीत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांवर त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही त्यांच्या वर्तनाचा परिणाम अधिक झाला असला पाहिजे. श्रीपत शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहून आला असता त्याला शुद्ध करून स्वजातीत परत घेण्यासाठी १८४३ मध्ये या शास्त्र्याने ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्यामागे दोन वर्षांनी जे घडले ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. मात्र ज्यांनी ते घडवले त्यांच्यापैकी कित्येक त्यांच्याच परिवारातील होते.

१३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांची एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. प्राध्यापक जोसेफ पॅटन तिचे अध्यक्ष होते. पण अध्यक्षांचे नाव सोडले तर बाकी सारा कारभार विद्यार्थ्यांचा आणि नुकतेच विद्यार्थिदशेतून बाहेर पडून सहाय्यक शिक्षक झालेल्या तरुणांचा होता. दादाभाई नवरोजी तेव्हा बावीस वर्षांचे होते. भाऊ दाजी लाड नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकत होते. सोराबजी शापूरजी बंगाली, ज्यांनी पुढे गिरणी कामगारांच्या संरक्षणासाठी कायदा व्हावा म्हणून अविश्रांत खटपट केली, ते सतरा वर्षांचे होते. या सभेचा नियम साधा होता. सभासदाने निबंध लिहावा, तो सर्वांसमक्ष वाचावा, आणि त्यावर मोकळेपणाने वादविवाद व्हावा. परंतु इंग्रजीतील निबंध इंग्रजी येणाऱ्यांपुढे वाचून देशातील अज्ञान कसे दूर होणार, हा प्रश्न त्या तरुणांना लवकरच भेडसावू लागला, आणि त्याच वर्षी सभेच्या दोन शाखा निघाल्या: मराठी भाषकांची उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, जिचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते, आणि गुजराती भाषकांची ज्ञानप्रसारक मंडळी. जे काही इंग्रजीत वाचावयाचे ते स्वभाषेत उतरवून सामान्य जनांपुढे मांडावयाचे, हा या शाखांचा हेतू होता.

तरुणांच्या सभा आरंभशूर असतात असा आक्षेप पूर्वापार घेतला जातो आणि तो पुष्कळदा खराही असतो. म्हणूनच पुढल्या वर्षी या सभेत घडलेला प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंधाची वाहवा झाली, चर्चा रंगली, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सभा बरखास्त होण्याच्या बेतात असता प्राध्यापक पॅटन यांनी तरुणांना रोखठोक विचारले, की या विषयावर तुम्ही बोलणारच आहात, की काही करणारही आहात? हा प्रश्न अध्यापकाने विद्यार्थ्यांना विचारला असला तरी त्याचे उत्तर देणे हे अध्यापकाच्या हातात नव्हते. सरकारी खजिन्यातून या कामी दमडीही मिळण्याचा संभव नव्हता. तेव्हा उपस्थितांपैकी काही जणांनी उभे राहून आपली नावे दिली, आणि आपण स्वतः मुलींना शिकवू, त्याबद्दल वेतन घेणार नाही, असे सांगितले. काही आठवड्यांतच मुंबईत मराठी व पारशी मुलींसाठी निरनिराळ्या वस्त्यांत शाळा सुरू झाल्या. निबंधाचे रूपांतर शाळेत होण्यास इतका अल्प काळ लागल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात विरळाच सापडेल.

मुलींच्या शाळा मुंबईला सर्वस्वी नव्या होत्या असे मात्र नाही. अमेरिकन व स्कॉटिश मिशनच्या बायकांनी त्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे हे काम चिकाटीने चालवले होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या शाळांभोवती धर्मांतराची भीती सदैव वावरत असे. प्रतिष्ठित हिंदू-पारशी घरांतील मुली तेथे क्वचितच जात. आता शिकवणारे आपल्याच आळीतील, आपल्याच धर्माचे, आपल्याच नातलगांपैकी होते, आणि म्हणून विरोधाचे स्वरूपही पालटले. हे तरुण घरोघरी जाऊन मुली मागत, ओसरी किंवा पडवी मोकळी असेल तर तेवढी जागा शाळेसाठी द्या अशी गळ घालत, आणि काही गृहस्थ त्यांना जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी देत, असे दादाभाईंनी पुढे नमूद केले आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रीला वैधव्य येते ही समजूत तर अनेक हिंदू घरांत इतकी पक्की रुतलेली होती, की तिच्याशी वाद करून उपयोग नसे. वाद न करता रोज सकाळी दारात उभे राहणे हाच काय तो उपाय होता, आणि तो त्यांनी केला. ज्या समाजात पंचविशीच्या मुलाने वडिलांसमोर तोंड वर करून बोलू नये असा दंडक होता, तिथे परक्या घरच्या वडीलधाऱ्यांकडे त्यांच्या लेकी शिकवण्यासाठी मागणे याला केवढे धैर्य लागत असेल, याची कल्पना आज आपल्याला करता येणे कठीण आहे.

या मास्तरांची दिनचर्या विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सकाळचे तास मुलींच्या शाळेचे. त्यानंतर कोणाला स्वतःच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसावयाचे, कोणाला सरकारी शाळेत पगारी शिक्षक म्हणून उभे राहावयाचे, कोणाला रुग्णालयात हजर व्हावयाचे. आणि संध्याकाळी पुन्हा सभेचे कामकाज, निबंधाचा तर्जुमा, पत्राचा मजकूर. द्रव्य त्यांच्याजवळ नव्हते, अधिकार तर नव्हताच. समाजाला देण्यासारखी त्यांच्याकडे एकच चीज होती, आणि ती म्हणजे स्वतःचा वेळ. तीच त्यांनी दिली. द्रव्य मागाहून आले, आणि ते या वेळेच्या जामिनावर आले, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाना शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली, कामा घराण्यातील मंडळींनी पारशी मुलींच्या शाळांचा खर्च उचलला, आणि इतर सावकारांनीही हळूहळू हात सैल सोडला. पण हे सारे झाले ते तरुण मास्तर काही काळ बिनपगारी राबल्यानंतर. देणगीदारांना कोरी योजना दाखवून पैसा मागणे आणि चालती शाळा दाखवून मागणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कालांतराने या शाळांना पगारी शिक्षक मिळाले, पारशी मुलींच्या शाळांचा कारभार स्वतंत्र मंडळीकडे गेला, आणि पहिले स्वयंसेवक आपापल्या उद्योगांकडे वळले. संस्था उभी करून तिच्या गादीवर चिकटून न बसण्याचा हा गुणही त्यांच्या ठायी होता.

मराठी शाखेने ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये सुरू केले आणि ते सुमारे सतरा वर्षे चालले. आज ग्रंथालयाच्या फडताळात त्याचे जुने अंक चाळणाऱ्यास त्यातील भाषा कुठे अवघडलेली, कुठे इंग्रजी वाक्याच्या ओझ्याखाली वाकलेली आढळते. पदार्थविज्ञान, भूगोल, आरोग्य, इतिहास, व्यापार अशा विषयांसाठी शब्दच नव्हते, ते कधी संस्कृतातून घडवून, कधी बाजारातून उचलून वापरावे लागले. तरीही त्या पानांवर मराठी गद्य नव्या विषयांचे ओझे पेलायला शिकताना आपल्याला प्रत्यक्ष दिसते, आणि ते ओझे त्याच्या खांद्यावर ठेवणारे बहुतेक हात तरुणांचे होते. बडोद्या-ग्वाल्हेरच्या दरबारांत मोडी दफ्तरे लिहिली जात होती, पुण्यात शास्त्री-पंडित संस्कृतात वाद करीत होते, मुंबईच्या कचेऱ्यांत इंग्रजीचा बोलबाला वाढत होता. अशा वेळी वाफेचे यंत्र किंवा देवीची लस म्हणजे काय हे मराठी वाण्याला मराठीतच सांगितले पाहिजे, असा आग्रह धरणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि याच पेरीसाहेबांचा दादाभाईंवर इतका लोभ होता, की १८४५ मध्ये त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस पाठवण्याचा अर्धा खर्च देऊ असे त्यांनी सांगितले होते. मुलगा धर्म बाटवील या भीतीने पारशी धुरीणांनी उरलेला अर्धा खर्च उचलण्याचे नाकारले, म्हणून तो बेत राहिला. ज्यांच्या कृपेवर पुढील आयुष्याची बढती अवलंबून, अशा अधिकाऱ्यांच्या मताविरुद्ध जाऊन या तरुणांनी देशी भाषांत ज्ञानप्रसार चालवला, यावरून त्यांचा बाणा ओळखावा.

याच सुमारास मुंबईत आणखी एक उद्योग चालला होता, आणि त्याची कथा इतकी उजळ नाही. दादोबा पांडुरंगांच्या प्रेरणेने व राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या परमहंस सभेत अनेक सुशिक्षित तरुण दाखल झाले होते. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय. नव्या सभासदाने परजातीच्या, परधर्माच्या माणसाने तयार केलेला पाव खाऊन व पाणी पिऊन आपली निष्ठा सिद्ध करावी, हा तिचा विधी. परंतु हे सर्व बंद दाराआड होई. सभासद हजारभर झाले म्हणजे मग जगजाहीर करू, तोवर गुप्तता पाळू, असा तिचा संकल्प होता. ते हजार कधीच भरले नाहीत. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, नावे फुटली, आणि कालपर्यंत एका पंगतीत पाव खाणारे लोक दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताच्या तयारीला लागले. विचाराने परमहंस सभा मुलींच्या शाळांपेक्षा कितीतरी पुढे होती. तिच्या सभासदांना भ्याड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण वाळीत पडणे म्हणजे काय हे आपण भोगलेले नाही. पण ज्या तरुणांनी छोटे काम उघड्यावर केले त्यांचे काम टिकले आणि ज्यांनी मोठे काम झाकून केले त्यांचे विरले, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. तिच्यातील काही मंडळी पुढे डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजात उघडपणे सामील झाली, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

मुंबईहून पुण्याकडे वळले असता दृश्य पालटते. येथे शेटसावकारांचा आश्रय नव्हता आणि पेशवाईचा अभिमान मात्र ताजा होता. पंचविशीतील गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत राहून ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ पासून ‘प्रभाकरा’त पत्रे लिहू लागले होते, आणि त्यांच्या व त्यांच्या स्नेह्यांच्या पुढाकाराने शहरात एक ग्रंथालयही उघडले होते. या तरुणांनी दुसऱ्या वर्षी दक्षिणेच्या प्रश्नाला हात घातला. विद्वान ब्राह्मणांना श्रावणात द्रव्य वाटण्याचा पेशव्यांचा शिरस्ता इंग्रजांनी बऱ्याच काटछाटीनंतर चालू ठेवला होता. त्यातील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावी, असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. शहर खवळले. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा बावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी आपल्या विश्वासातील कष्टकरी माणसे जमवून या ब्राह्मण तरुणांच्या संरक्षणार्थ उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दक्षिणेच्या पैशासाठी ब्राह्मण तरुण आपल्याच ज्ञातीशी भांडत आहेत आणि त्यांच्या भोवती कडे करून शूद्रातिशूद्र उभे आहेत, असे दृश्य पुण्याने त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि नंतरही फारसे पाहिले नाही. अर्ज फळाला आला. दक्षिणा प्राईज कमिटी नेमली गेली, मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली, आणि पुढे त्याच फंडातून मुलींच्या शाळांनाही साहाय्य झाले.

त्या शाळांपैकी पहिली जोतीरावांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात काढली होती. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे ब्राह्मण मित्र त्यांच्या पाठीशी होते, आणि शिकवण्यास सावित्रीबाई होत्या, ज्यांना मुळाक्षरे लग्नानंतर नवऱ्याने शिकवली होती व ज्या त्या वेळी सतरा वर्षांच्या होत्या. काल जे शिकले ते आज शिकवावे, या जुन्या प्रघाताचे याहून जिवंत उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबईच्या मास्तरांना जिन्यावरून लोटण्याची धमकी मिळे. सावित्रीबाईंच्या अंगावर रस्त्यात शेण आणि चिखल पडे. मुंबईचे तरुण संध्याकाळी आपल्या वडिलांच्या घरी परतत. या दांपत्याला वडिलांचे घर सोडावे लागले, आणि उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. आणखी एक भेद आहे आणि तो सर्वांत मोठा आहे. एल्फिन्स्टनच्या मंडळींनी शाळा काढल्या त्या प्राधान्याने आपापल्या ज्ञातीच्या, आपापल्या आळीच्या मुलींसाठी. त्यात दोष काढण्याचे कारण नाही, कारण सुरुवात घराजवळूनच होते. पण ज्यांच्या दाराशी कोणीच जात नव्हते त्या महार-मांगांच्या वस्तीपर्यंत त्यांचे पाऊल पोहोचले नाही, हे सांगितल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही. जोतीरावांनी तेथेही शाळा उघडल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने त्यांचा सत्कार केला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

मुंबईची पुढली हकीकत सर्वश्रुत आहे. २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्येच बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष झाले, आणि तिचा कारभार भाऊ दाजींसारख्या निबंधसभेत तयार झालेल्या तरुणांनी पाहिला. राजकारणाची भाषा त्यांनी मुलींच्या शाळांसाठी वर्गणी मागता मागताच शिकून घेतली होती. दादाभाई १८५५ मध्ये व्यापाराच्या निमित्ताने विलायतेस गेले. पंचवीस वर्षांनी, जानेवारी १८८० मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि मागोमाग आगरकर त्यांना येऊन मिळाले, तेव्हा त्यांनी अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेण्याची जी प्रतिज्ञा केली, तिची चर्चा अपूर्व म्हणून झाली. त्यांचा त्याग थोरच होता. परंतु त्या वाटेवर बत्तीस वर्षांपूर्वी कोणी चालून गेले होते हे आपण फार लवकर विसरलो, आणि आजही ज्ञानप्रसारक सभेचे नाव उच्चारले तर सुशिक्षितांपैकी किती जणांना काही आठवेल, याची मला शंका आहे. सभा-समित्यांचे इतिहास पुढाऱ्यांच्या चरित्रांतून लिहिले जातात, आणि तरुणपणी केलेले काम म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या चरित्रात पहिल्या दोन पानांत आटोपले जाते. हे त्याचे एक कारण असावे.

त्या कामाने काय साधले याचा अदमास घ्यावयाचा तर पुण्याच्या शाळेतील एका विद्यार्थिनीकडे पाहावे. मुक्ता नावाची ही मांग समाजातील मुलगी जेमतेम चौदा वर्षांची होती आणि तिचे शिक्षण तीन वर्षांचे झाले होते, तेव्हा तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापला गेला. शाळकरी मुलांचे निबंध साधारणपणे ज्यांनी शाळा काढली त्यांच्या आभाराने सुरू होतात व उपदेशाने संपतात. मुक्ताने मात्र सरळ प्रश्न केला आहे: वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हांला ते पाहण्याचीही मनाई असेल, तर आमचा धर्म कोणता, हे आम्हांला सांगा. जमिनीवरून हुसकून लावलेल्या, इमारतींच्या पायात पुरलेल्या, बाळंतपणात घरावर छप्पर नसलेल्या आपल्या माणसांची हकीकत तिने मांडली आहे, आणि तीत आर्जवाचा लवलेश नाही. तिला शिकवणारे स्वतः तरुण होते, त्यांना शिकवणारेही त्यांच्याहून फार मोठे नव्हते. आणि आता ती आपल्या जातीच्या लोकांना सांगत होती, की अज्ञान नाहीसे करावयाचे असेल तर तुम्ही शिका, आणि आपल्या मुलामुलींना शाळेत पाठवा.